अल्पस्मृती संगणकावर ई-मेल सूची सर्व्हर : रचना, उभारणी आणि मर्यादा

सारांश

एका पत्त्यावर पाठविलेला संदेश सर्व सभासदांपर्यंत पोचविणारी ई-मेल सूची चालविण्यासाठी मोठा सर्व्हर लागतो, असा समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे. सूचीचे प्रत्यक्ष काम अत्यल्प स्मृतीत होऊ शकते. स्मृती मुख्यतः खर्च होते ती कामाची वाट पाहत बसलेल्या प्रक्रियांवर, हे येथे आज्ञावलींच्या रचनेच्या आधारे दाखविले आहे. ५१२ मेगाबाइट ते १ गिगाबाइट स्मृतीच्या संगणकावर सूची कशी उभारावी, देवनागरी संदेशांबाबत कोणती काळजी घ्यावी आणि कोठे स्वतःच्या सर्व्हरचा आग्रह धरू नये, याचेही विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : ई-मेल सूची, मेलमन, एमएलएमएमजे, पोस्टफिक्स, स्मृतिव्यवस्थापन, देवनागरी.

१. प्रस्तावना

महाविद्यालयाचा पत्रव्यवहार हा त्याच्या इतिहासाचा भाग असतो. अभ्यासमंडळाच्या सूचना, विभागीय बैठकांची इतिवृत्ते, माजी विद्यार्थ्यांशी झालेला संवाद हे सर्व आज बहुतांशी भ्रमणध्वनीवरील गटांतून चालते. त्यामुळे संग्रह संस्थेकडे न राहता व्यक्तींच्या हातातील यंत्रांत विखुरतो. गट चालविणारे प्राध्यापक निवृत्त झाले की त्यांच्याबरोबर तो बराचसा नाहीसा होतो. बाहेरील मोफत सेवेवर विसंबण्याचे परिणामही आपण पाहिले आहेत. २००० च्या दशकात अनेक मराठी मंडळांनी व महाविद्यालयीन गटांनी वापरलेली याहू ग्रुप्स ही सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. तिच्यावरील संदेशसंग्रह त्याआधीच काढून टाकण्यात आले होते.

स्वतःची ई-मेल सूची हा यावरील एक जुना व टिकाऊ उपाय आहे. मात्र त्याचा विचार सुरू झाला की पहिला आक्षेप येतो तो यंत्रसामग्रीचा. प्रयोगशाळेतून बाद झालेल्या संगणकांत १ किंवा २ गिगाबाइट स्मृती असते. रास्पबेरी पाय झीरोसारख्या लहान संगणकात ती ५१२ मेगाबाइटच असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य संपल्यामुळे असे आणखी अनेक संगणक अडगळीच्या वाटेवर आहेत. अशा यंत्रावर सूची चालेल काय, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

हा प्रश्न लहान संस्थांना विशेष लागू पडतो. मनोरीचे उदाहरण घेता येईल. हे गाव मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत असले, तरी तेथे जाण्यासाठी मार्वेहून फेरीबोटीने खाडी ओलांडावी लागते किंवा भाईंदर-उत्तनमार्गे मोठा वळसा घ्यावा लागतो. अशा ठिकाणच्या एखाद्या संस्थेचे ३०० सभासद मनोरी, मालाड, वसई आणि परदेश असे विखुरलेले आहेत, अशी कल्पना करू. पुढील विवेचनात हेच प्रमाण गृहीत धरले आहे.

२. पार्श्वभूमी : जुहूचा दाखला

ई-मेल ही मुळातच अपुऱ्या साधनांसाठी घडलेली व्यवस्था आहे. याचा दाखला मुंबईच्या उपनगरातच मिळतो. १९८६ साली केंद्र शासनाचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग व संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने अर्नेट हे शैक्षणिक व संशोधन जाळे सुरू झाले. जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, पवई येथील आयआयटीसह पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग हे त्यातील प्रारंभीचे घटक होत.

या जाळ्यावरील पहिल्या सेवांपैकी एक म्हणजे यूयूसीपी पद्धतीची ई-मेल. या पद्धतीत दोन संगणक सतत जोडलेले नसतात. संदेश डिस्कवर साठवले जातात, ठरावीक वेळी दूरध्वनी लावला जातो, साठलेले संदेश पुढे धाडले जातात आणि जोडणी तोडली जाते. १९९१ साली दिल्ली व मुंबई यांच्यातील भाडेपट्टीच्या तारेचा वेग अवघा ९.६ किलोबिट प्रतिसेकंद होता. १९९२ साली मुंबईहून अमेरिकेतील व्हर्जिनियाशी जोडणारा दुवा ६४ किलोबिटचा झाला. सामान्य नागरिकांसाठी विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, तोवर देशातील ई-मेलची एक पिढी अशाच साधनांवर घडली होती.

‘साठवा आणि पुढे धाडा’ हे तत्त्व आजच्या ई-मेलमध्येही कायम आहे. घेणारा सर्व्हर बंद असेल, तर पाठविणारा सर्व्हर संदेश रांगेत ठेवून पुनःपुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळात ५ दिवसांची असते. पावसाळ्यात रात्रभर वीज गेली, तरी सूचीचा संदेश सहसा हरवत नाही, तो सकाळी येतो. स्मृती कमी असल्यास काम सावकाश करण्याची मुभा याच तत्त्वामुळे मिळते.

३. सूचीचे मूळ काम आणि त्यास लागणारी स्मृती

सूची सर्व्हरची कामे मोजकीच आहेत. आलेला संदेश स्वीकारणे, पाठविणारा सभासद आहे काय हे पाहणे, संदेशाची एक प्रत संग्रहात ठेवणे, सभासदांचे पत्ते वाचून प्रत्येकास तो धाडणे आणि न पोचता परत आलेल्या संदेशांची नोंद ठेवणे.

यास लागणारी स्मृती मोजून पाहू. एका पत्त्यास सरासरी ३० बाइट धरले, तर ३०० पत्ते ९,००० बाइटांत, म्हणजे ९ किलोबाइटांत मावतात. साधा मजकूर असलेला संदेश १० ते २० किलोबाइटांचा असतो. दोहोंची बेरीज ३० किलोबाइटांच्याही आत राहते. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ८ ते १६ मेगाबाइट स्मृतीचा संगणक सर्वसामान्य होता. हे काम त्यालाही जड नव्हते.

वेळेचे गणितही असेच आहे. एक संदेश पोचविण्यास २ सेकंद धरले आणि एका वेळी एकच जोडणी ठेवली, तरी ३०० सभासदांस तो १० मिनिटांत पोचतो. पाच जोडण्या समांतर ठेवल्यास २ मिनिटे पुरतात. इतिवृत्त २ मिनिटांत पोचले काय किंवा १० मिनिटांत पोचले काय, सभासदाच्या दृष्टीने फरक पडत नाही. अल्पस्मृती यंत्रावर वेळ देऊन स्मृती वाचविता येते.

४. स्मृती कोठे खर्च होते?

गरज किलोबाइटांची असताना खर्च शेकडो मेगाबाइटांचा का होतो? याचे उत्तर आज्ञावलींच्या इतिहासात व रचनेत आहे.

एरिक तोमा यांची लिस्टसर्व्ह ही आज्ञावली १९८६ ची, तर ब्रेंट चॅपमन यांची पर्ल भाषेतील मेजरडोमो १९९२ ची. मेजरडोमो संदेश आला की जागी होत असे व काम संपताच थांबत असे. पुढे जॉन व्हिएगा यांनी पायथॉन भाषेत मेलमन लिहिण्यास प्रारंभ केला. सूचीचे व्यवस्थापन वेबपानावरून करता येणे ही तिची मोठी सोय होती आणि त्यामुळेच ती जगभर पसरली.

मेलमनच्या २.१ मालिकेत मुख्य नियंत्रकाखाली आठ ‘रनर’ सतत चालू असतात. येणारे संदेश, जाणारे संदेश, संग्रह, परत आलेले संदेश, आज्ञा अशी कामांची वाटणी असते व प्रत्येक रनरसाठी पायथॉनची स्वतंत्र प्रक्रिया असते. दिवसातून दोनच संदेश आले, तरी या सर्व प्रक्रिया चोवीस तास स्मृतीत राहतात. शिवाय सूचीची सर्व माहिती सभासदांसह एकत्र साठविलेली असल्याने, एका संदेशासाठीही ती संपूर्ण वाचावी लागते.

२०१५ साली आलेल्या मेलमन ३ मध्ये मूळ गाभा, व्यवस्थापनाचे पोस्टोरियस व संग्रहाचे हायपरकिटी असे घटक वेगळे झाले. शेवटचे दोन जँगो या चौकटीवर चालतात. त्यांच्यासोबत विदासंच, वेब सर्व्हर, पार्श्वभूमीतील कामांची रांग आणि शोधासाठीची सूचीकरण यंत्रणा येते. मोठ्या संस्थेस हे सर्व उपयुक्त आहे. परंतु यातील बहुतेक घटक संदेश पोचविण्यासाठी नसून कोणी वेबपान उघडील या अपेक्षेने जागे असतात.

थोडक्यात, येथे स्मृतीचा मोठा वाटा वाट पाहण्यावर खर्च होतो. म्हणून अल्पस्मृती यंत्रासाठी आज्ञावली निवडताना तिची वैशिष्ट्ये किती आहेत यापेक्षा काम नसताना तिच्या किती प्रक्रिया चालू असतात, हा प्रश्न प्रथम विचारावा.

जुन्या मेलमनकडे परतणे हा मात्र उपाय नव्हे. ती पायथॉन २ वर अवलंबून आहे आणि त्या भाषेचे अधिकृत साहाय्य १ जानेवारी २०२० पासून संपले. डेबियनच्या ११ व्या आवृत्तीपासून मेलमन २.१ वगळण्यात आली आहे.

५. हाकेला उठणारी रचना : एमएलएमएमजे

सी भाषेत लिहिलेली एमएलएमएमजे ही आज्ञावली वरील कसोटीस उतरते. तिची सतत चालणारी प्रक्रिया ठेवावी लागत नाही. सूचीच्या पत्त्यावर संदेश आला की पोस्टफिक्ससारखा मेल सर्व्हर तिच्या ‘रिसीव्ह’ या लहान आज्ञावलीस उठवितो. ती संदेश डिस्कवर लिहून ‘प्रोसेस’कडे सोपविते. सभासदत्व व आकारमर्यादा तपासून झाल्यावर ‘सेंड’ ही आज्ञावली संदेश धाडते. काम संपले की सर्व प्रक्रिया संपतात व स्मृती मोकळी होते. परत आलेल्या संदेशांचा हिशेब, जुन्या फाइलींची सफाई इत्यादी कामे ‘मेंटडी’ करते. क्रॉनद्वारे ती दर दोन तासांनी एकदा चालविली तरी पुरते.

विदासंचाची तिला आवश्यकता नाही. प्रत्येक सूची म्हणजे डिस्कवरील एक फोल्डर. त्यात सभासदांचे पत्ते साध्या मजकुराच्या फाइलींत असतात आणि संग्रहात प्रत्येक संदेशाची क्रमांकित फाइल असते. नियंत्रणाच्या बहुतेक बाबी एकेका लहान फाइलीने ठरतात. ठरावीक नावाची रिकामी फाइल निर्माण केली की केवळ सभासदांनाच लिहिण्याची मुभा राहते, ती काढली की बंधन उठते. सूचीची राखण प्रत ठेवणे म्हणजे हे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेणे. दहा वर्षांनी येणाऱ्या सहकाऱ्यास ते कोणत्याही मजकूर-संपादकात वाचता येईल, हा संस्थेच्या दृष्टीने मोठा लाभ आहे.

ही रचना केवळ लहान सूचींसाठीच आहे, असे नाही. फ्रीबीएसडी प्रकल्पाने २०२१ साली आपल्या सूची मेलमनवरून एमएलएमएमजेवर नेल्या. लिनक्स कर्नलच्या विकासाची चर्चा ज्या सूचींवर चालते, त्या अनेक वर्षे मेजरडोमोवर होत्या. २०२३-२४ च्या सुमारास त्यांनीही हाच मार्ग स्वीकारला.

६. उभारणीतील पथ्ये

आज्ञावली हलकी निवडली, तरी भोवतालची व्यवस्था जड असेल तर लाभ होत नाही. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

पहिले पथ्य समांतर प्रक्रियांचे. पोस्टफिक्समध्ये एका प्रकारच्या प्रक्रियांची कमाल मर्यादा मुळात १०० असते. आपल्या उदाहरणासाठी ती १० वर आणण्यास हरकत नाही. पोचविण्यास थोडा अधिक वेळ लागेल, परंतु एकाच वेळी शंभर प्रक्रिया उठून स्मृती संपण्याचा धोका राहणार नाही.

दुसरे पथ्य गाळणीचे. क्लॅमएव्ही ही विषाणुशोधक आज्ञावली आपली लक्षणसूची स्मृतीत ठेवते व त्यासाठीच तिला १ गिगाबाइटहून अधिक स्मृती लागते. ती अल्पस्मृती यंत्रावर ठेवू नये. केवळ सभासदांचेच संदेश स्वीकारणे, जोडपत्रांना मनाई करणे आणि अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांवरील संदेश दारातच नाकारणे या तीन नियमांनी अनिष्ट टपालाचा मोठा भाग विनाखर्च थांबतो.

तिसरे पथ्य आकाराचे. ५ मेगाबाइटांचे छायाचित्र ई-मेलच्या सांकेतिक रूपात सुमारे पावणेसात मेगाबाइटांचे होते. ३०० सभासदांस स्वतंत्र प्रती धाडल्यास २ गिगाबाइट माहिती बाहेर जाते. १० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या जोडणीस त्यासाठी सुमारे २७ मिनिटे लागतील. मेलमन २.१ मध्ये सूचीच्या संदेशाची मूळ मर्यादा ४० किलोबाइट होती. आजही १०० ते २०० किलोबाइटांची मर्यादा ठेवून मोठ्या फाइलींचा केवळ दुवा द्यावा.

चौथे पथ्य स्मृती संपण्याच्या प्रसंगाचे. स्मृती पूर्ण संपली की लिनक्सची गाभाप्रणाली एखादी प्रक्रिया बळजबरीने बंद करते व बहुधा सर्वाधिक स्मृती व्यापणाऱ्या प्रक्रियेचीच निवड होते. विदासंच असलेल्या व्यवस्थेत नेमका तोच बळी पडण्याचा संभव असतो. थोडी स्वॅप जागा ठेवल्यास हा प्रसंग टळतो. मात्र मेमरी कार्डवर वारंवार स्वॅप केल्यास कार्ड लवकर झिजते. तेथे स्मृतीतच माहिती दाबून ठेवणारी झेडरॅम ही सोय अधिक योग्य होय.

पाचवे पथ्य संग्रहाच्या प्रदर्शनाचे. संग्रह वेबपानावर दाखवायचा असल्यास रात्री एकदा एमएचऑनआर्कसारख्या आज्ञावलीने स्थिर पाने तयार करून ठेवावीत. वाचक येईल तेव्हा पान नव्याने घडविण्यापेक्षा तयार पान देणे स्मृतीस स्वस्त पडते.

यंत्र निवडताना आणखी एक बाब पाहावी. २०२५ साली आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट इंटेल संगणकांसाठी स्वतंत्र स्थापना-संच नाही. म्हणून जुना संगणक ६४-बिट आहे याची आधी खात्री करून घ्यावी.

७. देवनागरी संदेशांचा विचार

मराठीतून चालणाऱ्या सूचीस दोन प्रश्न विशेष भेडसावतात. पहिला आकाराचा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ई-मेलमध्ये ते सहसा बेस-६४ पद्धतीने लिहिले जाते, तेव्हा आकार आणखी एक-तृतीयांशाने वाढतो. म्हणजे एका चिन्हास सुमारे ४ बाइट लागतात. २,००० चिन्हांची सूचना ८ किलोबाइटांची होते. आकारमर्यादा ठरविताना हे लक्षात ठेवावे. स्मृतीच्या दृष्टीने मात्र ही वाढ नगण्य आहे.

दुसरा प्रश्न तळटीपेचा. अनेक सूची प्रत्येक संदेशाखाली ‘सभासदत्व रद्द करण्यासाठी’ अशा ओळी जोडतात. संदेश बेस-६४ मध्ये असताना त्याच्या शेवटी साधा मजकूर चिकटविला, तर त्या ओळी वाचता येत नाहीत व क्वचित मूळ मजकुराचेही वाचन बिघडते. इंग्रजी संदेशांत हा दोष सहसा दिसत नाही, मराठीत तो तत्काळ उघड होतो. म्हणून तळटीप जोडूच नये. सभासदत्व रद्द करण्याचा पत्ता संदेशाच्या शीर्षभागात, लिस्ट-अनसबस्क्राइब या ओळीत द्यावा. एमएलएमएमजेचे स्वागत, पुष्टी व निरोपाचे साचे साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. ते मराठीत लिहून घेतल्यास सभासदांची मोठी सोय होते.

तळटीप टाळण्यास आणखी एक कारण आहे. मूळ पाठविणाऱ्याच्या सर्व्हरने केलेली डीकेआयएम ही अंकीय स्वाक्षरी मजकुरावर व विषयाच्या ओळीवर आधारलेली असते. सूचीने त्यांत बदल केला की स्वाक्षरी अमान्य ठरते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने डीमार्क हे धोरण कठोरपणे लागू केले, तेव्हा जगभरातील सूचींवरून याहूच्या सभासदांनी पाठविलेले संदेश याच कारणाने नाकारले गेले. संदेश जसाच्या तसा पुढे धाडल्यास स्वाक्षरी टिकते आणि सर्व्हरचेही काम कमी होते.

८. मर्यादा

आतापर्यंत दाखविलेली काटकसर सूची चालविण्यापुरती आहे. संदेश सभासदाच्या पेटीत पोचेल काय, हा प्रश्न स्मृतीने सुटत नाही, तो विश्वासाने सुटतो. घरगुती ब्रॉडबँडवर बदलता पत्ता असतो व ई-मेलसाठीचे पंचवीस क्रमांकाचे द्वार पुष्कळदा बंद असते. मोठे सेवादाते अशा पत्त्यांवरून आलेले टपाल सहसा स्वीकारत नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सर्वच पाठविणाऱ्यांसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक आणि योग्य उलट-नोंद आवश्यक केली. जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० वा अधिक संदेश धाडणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क ही तिन्ही अनिवार्य ठरली. ३०० सभासदांपैकी सर्व जीमेलवर असले, तरी दिवसाला १६ संदेशांपर्यंत आपली सूची या मर्यादेच्या आत राहते.

यावर व्यवहार्य मार्ग असा की सूचीचे काम व संग्रह आपल्या यंत्रावर ठेवावा, परंतु बाहेर जाणारे टपाल महाविद्यालयाच्या अधिकृत मेल सर्व्हरमार्फत धाडावे. आत येणाऱ्या टपालासाठीही स्थिर पत्ता मिळत नसल्यास ते अधिकृत पेटीत घेऊन तेथून ठरावीक वेळी उतरवून घेता येते. यूयूसीपीच्या काळातील शिस्तीचेच हे आजचे रूप होय.

दुसरी मर्यादा मनुष्यबळाची. सुरक्षाविषयक सुधारणा वेळेवर बसविणे, राखण प्रत तपासणे व परत आलेल्या संदेशांकडे लक्ष देणे हे काम कोणीतरी नियमाने केले पाहिजे. किमान दोन व्यक्तींकडे कार्यभार असावा आणि मांडणीची लेखी नोंद विभागात असावी. सभासदांचे पत्ते ही वैयक्तिक माहिती असल्याने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ची जाणीव ठेवावी. नाव परस्पर न घालता सभासदाकडून पुष्टी घेऊनच नोंदणी करावी. हे करण्याची तयारी नसल्यास स्वतःचा सर्व्हर उभारू नये, हेच उचित.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ३०० सभासदांच्या सूचीस प्रत्यक्ष लागणारी स्मृती किलोबाइटांत मोजण्याइतकी आहे. मोठ्या स्मृतीची मागणी मुख्यतः सतत जाग्या ठेवलेल्या घटकांची असते.

२) ५१२ मेगाबाइट ते १ गिगाबाइटच्या यंत्रासाठी संदेशागणिक उठणारी व विदासंचाविना चालणारी एमएलएमएमजेसारखी आज्ञावली योग्य होय. वेबवरील समृद्ध व्यवस्थापन व शोध अपरिहार्य असल्यास मेलमन ३ व त्यास साजेसे यंत्र घ्यावे.

३) मराठी सूचीत संदेशाच्या मजकुरास व विषयास हात न लावणे हे वाचनीयता, स्वाक्षरी व स्मृती या तिन्ही दृष्टींनी हितकर आहे.

४) पोच व देखभाल या खऱ्या मर्यादा आहेत. पहिलीवर अधिकृत मेल सर्व्हरचा आधार व दुसरीवर लेखी कार्यभार हे उपाय होत.

बाद ठरविलेल्या संगणकाच्या किमतीपेक्षा त्यावर जपला जाणारा पत्रव्यवहार अधिक मोलाचा आहे. विभागाने प्रथम १०-१५ सहकाऱ्यांची एक सूची एका सत्रापुरती चालवून पाहावी, रांग व स्मृती यांची दर आठवड्यास नोंद घ्यावी आणि त्या नोंदीच्या आधारेच पुढील यंत्रखरेदीचा निर्णय करावा.